सोमवारची डोकेदुखी

केसांतल्या पिना काढा. सगळ्या. बुटांची धातूची बटणं, खिशातली सुई, किल्ल्या, आगपेटी, जे जे वाजतं किंवा टोचतं ते फाटकावरच्या बाईंकडे द्या. बाई तुमची वेणी चाचपतील, झग्याची शिवण बोटांनी तपासतील, बूट उलटा करून टाचेत खिळा नाही ना तेही बघतील. लाजू नका. मागे पोरींची लांब रांग आहे, समुद्रावरचा वारा कानशिलं बधिर करतोय आणि प्रत्येकीला लवकर आत शिरायचंय, कारण आतल्या झोपड्या उबदार आहेत. केस सुटले असतील तर फितीने बांधा आणि चला.

तुमचं वय, हुद्दा, बाई की बुवा, हे सगळं आजच्यापुरतं बाजूला ठेवा. साल आहे १८९७. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, स्टीव्हन्स्टन गावाजवळ, आर्डीरच्या वाळूच्या टेकड्यांत आल्फ्रेड नोबेलने उभारलेल्या डायनामाइटच्या कारखान्यात तुम्ही आज नव्याने कामाला लागलेली पोरगी आहात. काम काडतुसं भरण्याचं. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो: आपण इथे आलोय ते मूत्रपिंड बघायला. रात्रीपर्यंत धीर धरा.

डावीकडे समुद्र, पलीकडे धुक्यात आरनचं बेट. उजवीकडे वाळूचे उंच बांध आणि त्या बांधांच्या कुशीत एकेकटी झोपडी. एक उडाली तर शेजारची वाचावी म्हणून ही रचना. पायांखाली वाळू करकरते. वाऱ्यात गवताचा वास आहे आणि त्यात मधूनच एक झणझणीत, घशाला खवखवणारी वाफ मिसळते. ती टेकडीवरून येते. आधी तिकडेच जाऊ.

टेकडीच्या माथ्यावर लाकडी घर आणि त्यात शिशाचं मोठं पिंप. पिंपात नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्ल, वरून बारीक धारेने सुटणारं ग्लिसरीन, खालून हवा सोडून चाललेलं ढवळणं. सतत एक बुडबुडणारा घरघराट. पिंपाच्या आत थंड पाण्याच्या नळ्यांची वेटोळी, कारण हे मिश्रण स्वतःच तापतं. पिंपासमोर एक माणूस बसलाय, एका पायाच्या स्टुलावर. हो, एकाच पायाच्या. डुलकी लागली तर माणूस धाडकन खाली पडावा, एवढ्यासाठीच ते स्टूल तसं बनवलंय. त्याची नजर थर्मामीटरवर खिळलेली. पारा साधारण २२ ते २५ अंशांच्या आत राहिला पाहिजे. चढू लागला की ग्लिसरीनची धार कमी करायची, हवा वाढवायची. तरीही चढत राहिला आणि पिंपातून तांबूस वाफा येऊ लागल्या, तर सगळा घाणा खालच्या पाण्याच्या हौदात सोडून द्यायचा आणि पळायचं.

त्या तांबूस वाफा नीट बघून ठेवा. ती नायट्रोजनच्या ऑक्साइडांची वाफ. त्याच कुळातला एक रंगहीन वायू, नायट्रिक ऑक्साइड, हवेला भेटला की असा तांबडा होतो. इथे तो दिसला की माणसं पळतात. रात्री तोच आपल्याला दुसऱ्या ठिकाणी भेटणार आहे.

आता तुमच्या झोपडीत. दाराशी बुटांवर मऊ पायताण चढवा, वाळूचा एक कणही आत यायला नको. दार उघडलं की ऊब अंगावर येते. नायट्रोग्लिसरीन साधारण १३ अंशांना गोठतं आणि गोठलेलं फार धोकादायक, म्हणून वाफेच्या नळ्यांनी झोपडी तापवून ठेवलेली. बाहेर हात आखडत होते, आत पाच मिनिटांत मानेवरून घाम ओघळतो. आत तीन-चार पोरी आहेत. समोर लाकडी खोक्यात तपकिरी, ओलसर, चिकट गोळा. भाकरीचं पीठ मळून ठेवावं तसा तो दिसतो आणि हाताला लागतोही तसाच. तो चिमटीने घ्यायचा, नळीत टाकायचा, वरचा दांडा दाबायचा, खालून कागदात गुंडाळलेलं काडतूस बाहेर. दाब, गुंडाळ, ठेव. दाब, गुंडाळ, ठेव. लाकडाचा खटखट ताल आणि त्या तालावर पोरींच्या गप्पा: कुणाचं लग्न ठरलं, कोण ग्लासगोला गेली, मालक डिसेंबरात वारला त्याने मृत्युपत्रात म्हणे भलतंच काही लिहून ठेवलंय.

तासाभरात तुमच्या कपाळात ठोका पडू लागतो. आधी कानशिलावर, मग डोळ्यांच्या मागे. गाल तापतात. वाकलात की डोकं फुटेल असं वाटतं. हृदयाचा प्रत्येक ठोका कवटीत ऐकू येतो.

“अगं, पहिला दिवस ना?” शेजारची हात न थांबवता म्हणते. “तो हात कपाळाला लावू नकोस, आणखी दुखेल. गुरुवारपर्यंत जाईल बघ. पण रविवारची सुट्टी झाली की सोमवारी पुन्हा येतं. माझा बाप सुट्टीच्या दिवशीसुद्धा टोपीच्या पट्टीला थोडंसं चोळून ठेवतो, सवय मोडू नये म्हणून.”

तिचं खरं आहे. पन्नास वर्षांपूर्वी, १८४७ मध्ये, इटलीतल्या तुरीन शहरात आस्कानियो सोब्रेरोने हे द्रव्य पहिल्यांदा बनवलं आणि जिभेला नुसतं लावून पाहिलं, तेव्हा त्याचंही डोकं असंच ठणकलं होतं. १८७९ मध्ये लंडनच्या विल्यम मरेल या डॉक्टरने हेच औषध छातीतल्या कळेवर दिलं. खुद्द नोबेलला शेवटच्या आजारात डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीनच लिहून दिलं. आपल्याकडे आजीच्या बटव्यात जिभेखाली ठेवायची जी गोळी असते, तीही याच घराण्यातली. पण हे औषध रक्तवाहिन्या का सैल करतं, ते १८९७ मध्ये या पृथ्वीवर कुणालाही ठाऊक नाही. तुम्हाला मात्र आज रात्री कळणार आहे.

संध्याकाळ. भोंगा झाला. परत जाताना वारा पाठीत शिरतो, पण डोक्याला तो बरा वाटतो. घर म्हणजे एकच खोली. कोळशाचा धूर, ओल्या लोकरीचा वास, भावंडांचा गलका. ताटात उकडलेले बटाटे आणि खारवलेला हेरिंग मासा. पिंपात मिठात मुरलेला तो मासा इतका खारट की ओठ चरचरतात. भूक लागलीय, दोन खा. वर भरपूर पाणी प्या. आता भिंतीकडे तोंड करून आडव्या व्हा आणि डोळे मिटा.

आता लहान व्हा. आणखी. रक्तातल्या तांबड्या पेशीएवढ्या.

धडाम! हृदयाचा ठोका. एका लोंढ्यात तुम्ही बाहेर फेकल्या जाता. भोवती कोट्यवधी तांबड्या पेशी, खांद्याला खांदा, धक्काबुक्की, कुणाला थांबायला वेळ नाही. उकाडा ३७ अंशांचा, वाराबिरा काही नाही. हृदयातून निघालेल्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा दोन मूत्रपिंडांकडे वळतो; तुम्हीही वळता. वाटा फुटत जातात, अरुंद होत जातात आणि शेवटी एका बारीक धमनीच्या तोंडाशी गर्दी तुंबते. पुढे केशवाहिन्यांचा एक गुच्छ आहे. असे गुच्छ प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख.

भिंतीला हात लावा. ही अस्तराची पेशी. तिच्या पडद्यात छोटे खळगे आहेत आणि खळग्यात एक एन्झाइम बसलंय: नायट्रिक ऑक्साइड बनवणारं. पण ते मोकळं नाही. कॅव्हिओलिन नावाच्या प्रथिनाने त्याला धरून ठेवलंय. रक्ताचा लोंढा भिंतीला घासत जातो, तो घसारा पेशीला जाणवतो, आत कॅल्शियम वाढतं, कॅल्शियम कॅल्मोड्युलिनला जागं करतं आणि कॅल्मोड्युलिन कॅव्हिओलिनला बाजूला सारून एन्झाइमला सोडवतं. शिवाय दुसरं एक एन्झाइम येऊन त्याच्यावर फॉस्फेटची खूण लावतं. मग थोड्या कॅल्शियमवरही ते काम करत राहतं. आता बघा: आर्जिनिन हे अमिनो आम्ल आत गेलं, ऑक्सिजन घेतला, सिट्रुलिन बाहेर पडलं आणि सोबत वायूचा एक रेणू. तोच, टेकडीवरच्या तांबूस वाफांच्या कुळातला. इथे कुणी पळत नाही. तो रेणू शेजारच्या स्नायूच्या पेशीत शिरतो, स्नायू सैलावतो, वाट रुंद होते आणि गर्दी पुढे सरकते. काही सेकंदांत तो वायू संपलेला असतो. तुमच्या शेजारची तांबडी पेशीच त्याला गिळून टाकते.

दिवसभर कातडीतून शिरलेलं नायट्रोग्लिसरीनही इथेच भिंतीत मोडलं जातंय आणि त्यातून हाच वायू सुटतोय. फरक एवढाच की त्याला कुणी विचारलेलं नाही. घसारा नाही, कॅल्शियम नाही, परवानगी नाही. कवटीतल्या वाहिन्यांतही तो असाच सुटला, म्हणून तुमचं डोकं ठणकलं.

चला, आता गाळून घ्या स्वतःला. गुच्छाच्या चाळणीतून तांबड्या पेशी जात नाहीत, म्हणून आणखी लहान व्हा आणि पाण्याबरोबर नलिकेत उतरा. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी या चाळण्यांतून गळतं आणि त्यातलं जवळजवळ सगळं परत घेतलं जातं. पहिल्या वळणावर पेशींच्या काठाला दाट झालर आहे, तिथे साखर, मीठ, पाणी सगळं ओढून घेण्याची झुंबड उडालीय. अमोनियाचा वास येतोय ना? तोही इथेच बनतो. याच पेशी आणखी एक काम करतात: आतड्याकडून आलेलं सिट्रुलिन घेऊन त्याचं आर्जिनिन बनवतात आणि रक्ताला परत देतात. म्हणजे वायू बनवण्याचा कच्चा मालही मूत्रपिंडच पुरवतं.

नलिका खाली गाभ्याकडे बुडी मारते. इथे सगळं मंदावतं. ऑक्सिजन कमी, खारटपणा रक्ताच्या चौपट होईपर्यंत वाढत जाणारा. शेजारून जाणाऱ्या सरळ, बारीक वाहिन्या उघड्या राहिल्या नाहीत तर हा भाग गुदमरेल. त्यांना उघडं ठेवतो तो हाच वायू. मग वळण घेऊन वर. चढणीच्या जाड भिंतीत पंप धडाधड मीठ बाहेर खेचताहेत. इथल्या पेशीही थोडा वायू बनवतात आणि तो वायू मीठ खेचण्याचा वेग आवरतो. हेरिंगचं मीठ अंगात साठू द्यायचं नसेल तर हे आवरणं गरजेचंच.

आणि आता थांबा. ही जागा बघण्यासाठीच मी तुम्हाला इतक्या लांब आणलंय.

नलिका फिरून फिरून पुन्हा आपल्याच गुच्छाच्या दाराशी आलीय, जिथून निघाली होती तिथेच. इटलीच्या कामिल्लो गोल्जीने १८८९ मध्ये सूक्ष्मदर्शकातून हे पाहिलं होतं. ती अशी परत का येते हे मात्र तेव्हा उमगलं नव्हतं. त्या स्पर्शाच्या जागी नलिकेच्या भिंतीत वीसेक पेशी दाटीने उभ्या आहेत. नंतरचे लोक या ठिपक्याला मॅक्युला डेन्सा म्हणतील. तुम्ही त्यांना ओळखलंत का? टेकडीवरचा तो माणूस! एका पायाच्या स्टुलावर बसून पाऱ्याकडे बघणारा. या पेशी मिठाकडे बघताहेत, आणि त्यांना डुलकी लागत नाही.

दोन हेरिंगांचं मीठ त्यांच्यासमोरून वाहू लागतं. ते त्यांच्या आत शिरतं, तसा ठिपका धमनीला निरोप धाडतो: फार मीठ येतंय, आवळून घे, गाळणं कमी कर. हा निरोप ॲडेनोसिन नावाच्या रेणूच्या हस्ते जातो आणि धमनी आवळू लागते. पण तेवढ्यावर सोडलं तर ती जास्तच आवळेल, गाळणं खुंटेल आणि खाल्लेलं मीठ बाहेरच पडणार नाही. म्हणून त्याच पेशी दुसऱ्या हाताने उलटं काम करतात. मीठ शिरलं की त्यांच्या आतलं आम्ल घटतं, कॅल्शियम हलतं आणि त्यांचं नायट्रिक ऑक्साइडचं एन्झाइम चालू होतं. हे एन्झाइम अस्तरातल्याहून वेगळं. ते पहिल्यांदा मेंदूत सापडेल. वायू पाझरतो आणि आवळण्याची धार बोथट करतो. एक हात आवळतो, दुसरा सैल करतो आणि दोहोंच्या मध्ये धमनीची रुंदी ठरते. हे प्रत्येक मूत्रपिंडातल्या दहा लाख गुच्छांच्या दाराशी वेगवेगळं चाललंय, आत्ता, तुम्ही झोपलेल्या असताना.

जाता जाता दोन गोष्टी बघून घ्या. गुच्छाच्या मधल्या पेशींत तिसरं एक एन्झाइम आहे, जे एरवी जवळपास गैरहजर असतं. जंतू शिरले, सूज आली, तरच त्याचं जनुक जागं होतं. ते कॅल्शियमच्या चढउताराची वाट बघत नाही. एकदा बनलं की तासन्‌तास वायू सोडत राहतं. संकटातच वापरायचं हत्यार ते. दुसरी गोष्ट एका तोतयाची. आर्जिनिनसारखाच दिसणारा एडीएमए नावाचा रेणू सगळीकडे हिंडतोय. तो एन्झाइमच्या आसनावर जाऊन बसतो, काम काही करत नाही आणि खऱ्या आर्जिनिनला बसू देत नाही. त्याला मोडून टाकणारं डीडीएएच नावाचं एन्झाइमही मूत्रपिंडात आहे. म्हणजे वायू बनवणं, त्याचा माल पुरवणं आणि त्याच्या आड येणाऱ्याला हटवणं, तिन्ही कामं या एका अवयवात चालतात.

भोंगा! उठा, मंगळवार उजाडला.

मंगळवारी डोकं दुखतं, बुधवारी कमी, गुरुवारी तुम्ही इतरांबरोबर गप्पा मारताय. काय झालं? नायट्रोग्लिसरीन मोडणारं एन्झाइम थकलं, त्यामुळे वायू कमी सुटू लागला. आणि मूत्रपिंडानेही आपलं म्हणणं मांडलं: बाहेरून आलेल्या वायूने वाहिन्या सैलावल्या, दाब घसरला, तेव्हा त्याने रेनिन नावाचं द्रव्य सोडून मीठ आणि पाणी धरून ठेवलं. हे रेनिन सापडल्याची बातमी पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये, नोबेलच्याच स्टॉकहोममधून येईल. टिगरस्टेट आणि बेर्गमान तिथे सशांच्या मूत्रपिंडांवर काम करताहेत. शनिवारी पगार हातात पडतो, रविवारी चर्च आणि किनाऱ्यावर फिरणं. दीड-दोन दिवसांत शरीर जुन्या मापावर परततं. सोमवारी फाटक, बाईंची झडती, उबदार झोपडी, चिकट गोळा, आणि तासाभरात कपाळात पुन्हा पहिला ठोका. शेजारची हसते. “सांगितलं होतं ना?”

आता परत चला. येताना वाटेतली काही घरं नुसती खिडकीतून बघा. ब्रुकलिनमध्ये सशाच्या महाधमनीची कडी ताणून बसलेला रॉबर्ट फर्चगॉट. अस्तर खरवडलं तर ॲसिटिलकोलिन या द्रव्याने धमनी सैलावत नाही हे तो आणि त्याचा सहकारी झावाड्झ्की १९८० मध्ये छापतात. लंडनजवळ साल्व्हाडोर मोंकाडाचे लोक. वायू आर्जिनिनपासून बनतो हे ते १९८८ मध्ये दाखवतात. १९९२ मध्ये मॅक्युला डेन्सातलं ते एन्झाइम सापडतं. त्याच वर्षी लंडनमध्ये पॅट्रिक व्हॅलन्स आणि सहकारी दाखवतात की मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसांच्या रक्तात तो तोतया एडीएमए साचलेला असतो. १९९८ मध्ये फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना या वायूसाठी पारितोषिक मिळतं. पारितोषिक नोबेलचं, पैसा आर्डीरसारख्या कारखान्यांचा.

तुम्ही आपल्या घरी परतलात. हातांना चिकटलेला गोळा नाही, जिभेवर हेरिंग नाही. पण जे बघितलं ते धरून ठेवा. एकच वायू: टेकडीवर त्याला बघून माणसं पळाली, झोपडीत त्याने डोकं फोडलं, म्हाताऱ्या माणसाच्या छातीतली कळ त्यानेच थांबवली आणि मूत्रपिंडात तो रात्रभर राबला. विष आणि औषध मात्रेने ठरतं, असं आपण म्हणत आलोय. मूत्रपिंडाच्या पेशी त्यात दोन अटी घालतात, जागा आणि वेळ. हवा तिथे, हवा तेव्हा, काही सेकंदांपुरता. आर्जिनिनची गोळी गिळून किंवा बाहेरून वायू लादून ही राखण होत नाही. ती त्या वीस-वीस पेशींच्या ठिपक्यांनाच जमते, आणि ठिपके शाबूत असतील तोवरच.

मधुमेहाने, वाढलेल्या रक्तदाबाने हे ठिपके आणि गुच्छ हळूहळू झिजतात. मग आर्जिनिन कमी बनतं, तोतया साचतो, धमन्या आवळलेल्या राहतात, दाब आणखी वाढतो आणि उरलेले गुच्छ आणखी झिजतात. या चक्राची सुरुवात कुणाला कळत नाही. आर्डीरच्या पोरींना त्यांचं डोकं दर सोमवारी ओरडून सांगत होतं. मूत्रपिंड असं कधीच ओरडत नाही. म्हणून घरात मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर ताटातलं मीठ मोजून घ्या आणि वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्या. बिघडताना जे दुखत नाही, त्याची विचारपूस आपणच करायची असते.